टोमॅटोचं झाड हिरवंच माना टाकतं तेव्हा

सकाळी चहाचा कप घेऊन परसात गेले तेव्हा झाड ठणठणीत होतं. फुलं आलेली, खालच्या घोसात सुपारीएवढी फळं धरलेली. दुपारी तीनला दोरीवरचे कपडे काढायला गेले तर तेच झाड संध्याकाळपर्यंत न खपलेल्या माठाच्या जुडीसारखं लोंबत होतं. एकही पान पिवळं नाही, डाग नाही, कीड नाही.

आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या परसात हा प्रकार मी सात हंगाम पाहिला. पहिल्या वर्षी चौदापैकी अकरा झाडं गेली. आता शेजारपाजारचे, माहेरचे, नवऱ्याच्या ऑफिसातले लोक मला लोंबणाऱ्या झाडाचे फोटो पाठवतात आणि खाली विचारतात, "वहिनी, पाणी कमी पडलं का?" बहुतेक वेळा पाणी कमी पडलेलं नसतं. तसं समजून ओतलेलं पाणीच उरलेल्या झाडांना बाधतं.

हा त्रास जुन्या वाणांना जास्त. ब्रँडीवाइन, चेरोकी पर्पल यांसारखी परदेशी बियाणी हल्ली सगळेच मागवतात. माझ्याकडे शिवाय आईने सत्तरी तालुक्यातून दिलेलं, राखेत घोळवून पुडीत बांधलेलं चपट्या, कंगोरेदार टोमॅटोचं बी आहे. त्याच्या साराला चिंच लागत नाही. पण हे वाण लोकांनी चवीसाठी जपले, गोव्याच्या मातीतल्या रोगाशी झुंजायला नव्हे. त्यामुळे शेजारचं संकरित झाड उभं राहतं आणि आपलं आडवं होतं.

लक्षणं

दुपारी शेंड्याकडची कोवळी पानं आधी लोंबतात आणि संध्याकाळी परत उठतात. दोन-तीन दिवस हा खेळ चालतो, मग एका सकाळी झाड उठतच नाही. पानं हिरवी असतानाच मरतात, कच्ची फळं तशीच लटकून राहतात. खोडाच्या खालच्या भागावर कधीकधी घामोळ्यासारखे बारीक उंचवटे दिसतात. ती फुटू पाहणारी मुळं असतात. झाडं साधारण फुलोऱ्यात किंवा फळं धरताना जातात, म्हणजे नेमकं आपण कौतुकाने फोटो काढायला लागतो तेव्हा. एक गेलं की चार-पाच दिवसांत त्याच ओळीतलं पुढचं.

खालची पानं पिवळी पडून त्यांवर गोल गोल वलयं दिसत असतील तर तो करपा. पानं वळून बारीक झाली आणि झाड खुरटलं तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. फळाचं बूड काळं पडत असेल तर कॅल्शियम आणि पाण्याचा गोंधळ. ते आजार वेगळे, त्यांचे उपाय वेगळे. इथे फक्त हिरव्या झाडाचं अचानक कोसळणं.

आधी फुकटातलं

पहिली तपासणी घड्याळाची. झाड दुपारी लोंबलं म्हणून लगेच हात लावू नका. संध्याकाळी साडेसहाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बघा. नव्याने लावलेलं रोप पहिले आठ दिवस उन्हात मान टाकतंच, मुळं रुजली की सावरतं. पण महिनाभर जुनं झाड सलग दोन दुपारी लोंबलं, तर पुढे वाचा.

दुसरी बोटाची. बोट दोन पेरं मातीत खुपसा. कोरडी लागली तर पाणी द्या आणि दोन तासांनी बघा. झाड उठलं तर प्रश्न मिटला. ओली लागली तर पाणी बंद. आमच्याकडे घरांच्या मागे फूट-दीड फुटावर जांभा लागतो. वरची माती भुसभुशीत दिसते, पण खाली पाणी तुंबलेलं असतं. त्यात मुळं गुदमरतात आणि झाड तहानल्यासारखं दिसतं. मी पहिल्या वर्षी सकाळ-संध्याकाळ बादली ओतत होते. सासूबाई ओसरीवरून म्हणायच्या, "अगं, त्याला आंघोळ घालतेस की पाणी देतेस?" तेव्हा राग यायचा.

तिसरी बुडाची. खोड मातीला टेकतं तिथली माती बोटाने बाजूला करा. पांढऱ्या कापसासारखे धागे आणि त्यांत मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती बुरशीची कूज. ते झाड भोवतालच्या ओंजळभर मातीसकट उचला, पालापाचोळ्याचं आच्छादन खोडापासून चार बोटं दूर सारा. वाळवीची मातीची नळी दिसली तर काम वाळवीचं. बूड स्वच्छ असेल आणि माती नुसती ओलसर असेल, तर आता पेला.

पेल्याची परीक्षा

बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं राहू द्या. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि उत्तर डोळ्यांसमोर मिळतं.

लोंबलेलं पण अजून न वाळलेलं झाड घ्या. मातीपासून वर चार बोटांचा खोडाचा तुकडा धारदार सुरीने स्वच्छ कापा. कापलेल्या तोंडात सालीला लागून आतली रेघ तपकिरी दिसते का ते पाहून घ्या. काचेच्या पेल्यात गाळलेलं पाणी भरा आणि तुकडा दोऱ्याने असा टांगा की खालचं टोक जेमतेम पाण्यात बुडेल. पेला हलवू नका. मागे काळा कागद धरा. मी तव्याची मागची बाजू धरते.

जिवाणूजन्य मर, म्हणजे जिवाणूंमुळे झाड असं अचानक कोसळण्याचा रोग, असेल तर मिनिट-दोन मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधट धागा खाली उतरायला लागतो. उदबत्तीचा धूर उलटा टांगावा तसा, सावकाश, जराशी वळणं घेत. पाच-दहा मिनिटांत पेल्यातलं पाणी तांदूळ धुतल्यासारखं गढूळ होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तीन वेळा पाणी बदललं, माझाच पेला खरकटा असेल म्हणून. नव्हता. तो धागा म्हणजे लाखो जिवाणू. त्यांचं नाव राल्स्टोनिया सोलॅनेसिअरम. ते मुळांच्या जखमांतून आत शिरतात, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वाढतात आणि त्या नळ्या चिकट द्रवाने तुंबवतात. माती ओली असून झाड तहानेने मरतं ते यामुळे, आणि आणखी पाणी घालून ते उठत नाही तेही यामुळे.

शंका असेल तर शेजारी दुसऱ्या पेल्यात निरोगी झाडाच्या फांदीचा तुकडा टांगा. फरक लगेच कळतो. धागा आला नाही, आणि झाडाची खालची पानं एका बाजूने पिवळी पडत असतील, तर बहुधा फ्युजेरियम बुरशीची मर. पूर्ण वाळलेल्या खोडाची परीक्षा घेऊ नका, त्यातून काहीच येणार नाही आणि तुम्ही उगाच निश्चिंत व्हाल.

परीक्षा झाली की ते पाणी वाफ्यात फेकू नका. मी उकळून संडासात ओतते. सुरी ब्लीचच्या पाण्याने पुसते. सुरुवातीला त्याच सुरीने पुढच्या झाडाची बगलफूट काढली होती आणि आठवड्याभरात तेही गेलं.

धागा दिसला, आता काय

झाड वाचत नाही. त्यावर फवारणी नाही, आळवणी (बुडाशी औषध ओतणं) नाही. मला एका दुकानात प्रतिजैविकाची पुडी दिली होती, "एक ग्रॅम मारा, आठ दिवसांत उभं राहील." आठ दिवसांत झाड उपटलं. मातीत आणि खोडाच्या आत मुरलेल्या जिवाणूला पानावरचा फवारा काय करणार? शिवाय आपण ती फळं खाणार.

झाड मुळांसकट, भोवतालच्या मातीच्या गोळ्यासकट उचलून थेट पिशवीत घाला. ओढत नेऊ नका, माती सांडत जाते. खतखड्ड्यात टाकू नका. घरगुती खड्डा हा जिवाणू मरेल इतका तापेलच असं नाही. वाळवून जाळा. त्या जागेला पाणी बंद, आणि तिथे टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांतलं काही लावू नका. चार एकाच कुळातले, चौघांनाही हा रोग होतो.

झाड उचललंच आहे तर मुळं बघा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले अतिबारीक कृमी, आहेत. ते मुळांना भोकं पाडतात आणि जिवाणूला आत जायला वाट मिळते. म्हणून नुसत्या एका रोगाशी भांडून भागत नाही. दसऱ्याला तोरणासाठी झेंडू लावतोच, तो पुढच्या वर्षी त्याच वाफ्यात दाट लावा. सूत्रकृमी कमी होतात.

पाणी कुठून येतं

ही तपासणी मला चौथ्या वर्षी सुचली, आधी सुचायला हवी होती. आमचं परस तीन टप्प्यांचं, मध्ये चिऱ्यांचे बांध. टोमॅटो मधल्या टप्प्यावर. दरवर्षी झाडं डाव्या कोपऱ्यापासूनच मरायला सुरुवात व्हायची आणि मी कोपऱ्यातल्या मातीला दोष द्यायची. एका संध्याकाळी वरच्या टप्प्यातल्या वांग्यांना पाइप लावून फोनवर बोलत बसले, खाली आले तर बांधाच्या फटीतून पाण्याची बारीक धार टोमॅटोच्या डाव्या कोपऱ्यात उतरत होती. वरची वांगी वर्षाआड एखादं-दुसरं मरायचं, त्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं. रोग वर राहत होता आणि पाण्यावर बसून खाली येत होता.

म्हणून तुमच्याकडे झाडं कुठल्या क्रमाने मेली ते कागदावर काढा. रेघ उताराच्या दिशेने जात असेल तर पाणी हेच कारण. बांधाच्या आत हातभर खोल चर खणून पाणी बाजूला काढा. नळीने वाफा भिजवण्यापेक्षा एकेका झाडाला तांब्याने द्या. वर, कडेला, कुंपणात उगवलेली कामोणी उपटा. बारीक काळ्या फळांचं ते तण याच कुळातलं, स्वतः धडधाकट दिसतं आणि जिवाणूला घर देतं. शेजाऱ्यांची मिरची तुमच्या वरच्या अंगाला असेल तर मात्र गोडीने घ्या. मी चवथीला नेवऱ्या देताना विषय काढला.

मातीचा सामू

इथून पुढे थोडा खर्च आणि बरीच वाट बघणं. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो मातीतला चुना धुऊन नेतो. आपली लाल जांभ्याची माती त्यामुळे आंबट होते, आणि आंबट, उबदार, ओली माती या जिवाणूला मानवते. सामू (pH) म्हणजे या आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकी माती आंबट. टोमॅटोला तो ६ ते ७ च्या दरम्यान लागतो. माझा पहिला अहवाल आला तेव्हा ५.२ होता.

अंदाजाने चुना टाकू नका. माती तपासून घ्या. कृषी खात्याकडे ती सोय आहे. एकाच जागची नव्हे, वाफ्यातल्या पाच-सहा जागांची वीतभर खोल माती एकत्र करून, सावलीत वाळवून न्यायची. अहवालाप्रमाणे शेतीचा चुना लागवडीआधी दोन-तीन आठवडे मातीत मिसळायचा. दहा फूट बाय तीन फुटांच्या वाफ्याला मी अर्धा किलो घातला आणि पुढच्या वर्षी पुन्हा तपासलं. शेणखत आणि चुना एकाच दिवशी घालू नका, खतातलं नत्र उडून जातं. चुन्याने रोग संपत नाही, जोर कमी होतो. फळाचं बूड काळं पडणंही माझ्याकडे त्यानंतर कमी झालं.

एप्रिल-मेमध्ये माती भिजवून, तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक कडा गाडून पाच-सहा आठवडे पसरायचं, हा उपाय मी दोनदा केला. वरची माती तापते, तणं आणि बुरशी बरीच मरते. पण हा जिवाणू खोलवरही असतो आणि पावसाळ्यात परत वर येतो. एकट्या या उपायावर विसंबलात तर निराशा होईल. काळं प्लास्टिक तर घालूच नका, खाली हवं तितकं तापत नाही.

माती सोडून द्या

सरळ मार्ग हवा असेल तर जमिनीचा नाद सोडा. पंधरा-वीस लिटरची कुंडी किंवा पिशवी घ्या. माझ्या दुसऱ्या वर्षाची चूक ऐका: मी कुंड्या आणल्या आणि त्याच वाफ्याची माती गाळून भरली! नर्सरीतली लाल मातीही कुठल्या शेतातली ते कुणी सांगत नाही. मी आता माती घालतच नाही. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), एक भाग गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटमध्ये अन्न नसतं, म्हणून आठवड्याला पातळ खत द्यावं लागतं, हे विसरलात तर झाड रोगाने नाही, उपाशी मरेल. कुंडी जमिनीवर नको, दोन चिऱ्यांवर ठेवा. नाहीतर मुळं भोकांतून खाली जमिनीत उतरतात. काळ्या पिशव्या दुपारी तापतात, त्यांना बाहेरून माडाची चुडतं लावा.

बी दसऱ्याच्या सुमाराला पेरायचं, तुळशीच्या लग्नापर्यंत रोप जागेवर. रात्री थंड असतात तोवर फळ धरलं पाहिजे. मार्चच्या उकाड्यात फुलं गळतात आणि लोक पुन्हा मला फोटो पाठवतात.

वाफा रिकामा राहतो त्यात तांबडी भाजी, मका, चवळी, भेंडी लावा. दोन-तीन वर्षं तरी.

सगळ्यात अवघड: वांग्यावर कलम

आईचं बी जमिनीतच वाढवायचा हट्ट असेल, माझा होता, तर खालचं मूळ बदला. मर रोगाला तोंड देणाऱ्या वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचा शेंडा बांधायचा. कुठलंही वांगं चालत नाही. परसातलं गावठी वांगं स्वतःच याच रोगाने जातं. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का निधी, अर्का केशव, किंवा केरळ कृषी विद्यापीठाची सूर्या ही वांगी या रोगाला टिकणारी आहेत. मी अर्का निधी वापरते.

वांगं हळू वाढतं म्हणून त्याचं बी टोमॅटोच्या दहा-बारा दिवस आधी पेरते. दोन्ही खोडं काडेपेटीच्या काडीएवढी जाड झाली की नव्या ब्लेडने सारख्याच तिरक्या कापाने कापते, वांग्याच्या बुंध्यावर टोमॅटोचा शेंडा टेकवते आणि सिलिकॉनची क्लिप लावते. मग सावलीत, पाणी शिंपडलेल्या झाकणबंद डब्यात पाच-सहा दिवस. पहिल्या खेपेला वीसांतली सहा जगली. तिसऱ्या खेपेला पंधरा. हात बसायला वेळ लागतो, आणि ब्लेड जुनं असेल तर बसतच नाही.

लावताना एक गोष्ट उलटी करायची. टोमॅटोचं रोप खोल लावा, खोडाला मुळं फुटतात, असं सगळे सांगतात आणि साध्या रोपाला ते बरोबरही आहे. कलमाला ते विष आहे. सांधा मातीच्या चार बोटं वर राहिला पाहिजे. टोमॅटोच्या खोडाने मातीत एक मूळ जरी सोडलं, तरी जिवाणूला वांगं ओलांडायची गरजच उरत नाही. माझी दोन कलमं अशीच गेली, पाणी देताना माती उडून सांध्यावर बसली होती. आता काठी पहिल्या दिवशीच रोवते आणि फांदी जमिनीला टेकू देत नाही.

एवढा खटाटोप नको असेल तर अर्का रक्षक हा संकरित वाण, किंवा केरळचे शक्ती, मुक्ती, अनघा लावा. शेवटच्या तिघांचं बी घरी धरता येतं. चव साधी आहे, पण झाड उभं राहतं.

हात कधी टेकायचे

पेल्यात धागा नाही, बुडाला बुरशी नाही, मुळांना गाठी नाहीत, तरी झाडं मरतच आहेत, तर थांबा. आठवड्यात एक चतुर्थांशाहून जास्त झाडं गेली तरी थांबा. आणि तुम्ही भाजी विकत असाल, चार पैसे त्यावर अवलंबून असतील, तर धागा दिसला त्याच दिवशी तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात जा. घरगुती प्रयोगांत एक हंगाम घालवणं तुम्हाला परवडणार नाही. कृषी विज्ञान केंद्र उत्तरेला जुने गोवे येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या (आयसीएआर) आवारात आहे, दक्षिणेला मडगावात. किनारपट्टीच्या शेतीवर काम करणारी आयसीएआरची संस्थाही जुने गोव्याला एला येथेच आहे.

जाताना फोटो पुरेसा नाही. मेलेलं झाडही नको, अर्धवट लोंबलेलं न्या. मुळं धुऊ नका. मातीसकट वर्तमानपत्रात गुंडाळा, वरून पिशवी, आणि त्याच दिवशी पोचवा. सोबत चिठ्ठीवर लिहा: वाण कुठला, लावलं कधी, पहिलं झाड कधी गेलं, गेल्या तीन वर्षांत त्या जागी काय होतं. आणि शुक्रवारी संध्याकाळी झाड उपटू नका. सोमवारपर्यंत पिशवीत त्याचं लोणचं होतं.